वरच्या मजल्यावरचं नाव

पॅकिंगच्या खोलीत गार हवा असते, अंगात पांढरे एप्रन असतात आणि बुडाखाली स्टूल असतं. पोटात बाळ असताना ढेकळीनं तिथे काम मागून बघितलं. शेडमधे वाकून गुलाब कापणं आता तिला झेपत नव्हतं. प्लॅस्टिकच्या छताखाली दुपारी जीव उकडून निघायचा, काट्यांनी मनगटापासून कोपरापर्यंत हात ओरबाडलेले असायचे आणि फुलांची बादली उचलली की कमरेत कळ यायची. पॅकिंगची ताई काही दुष्ट नव्हती. तिनं ढेकळीची नखं बघितली, एका फुलाची पाकळी डागाळलेली होती ती ओळखायला लावली, देठ मापात कापून घेतले. सगळं पसंत पडलं. मग तिनं नाव विचारलं.

"ढेकळी."

"ते लाडाचं झालं. खरं सांग."

"हेच आहे, ताई. नांगरटीच्या वेळेला झाले म्हणून वडलांनी ठेवलं."

एप्रनवाल्या तोंडाला हात लावून हसल्या. ताईही हसली. "अगं बाई, इथे बाहेरची गिऱ्हाइकं येतात माल बघायला. त्यांच्यासमोर मी काय हाक मारू? तू आपली मातीतच बरी."

ढेकळीही हसली. लोक हसले की आपणही हसून मोकळं व्हायचं, हे ती लहानपणीच शिकली होती. पण त्या दिवशी खोलीवर परत जाताना तिला रडू आवरेना. नखं चालली, नजर चालली, हात चालला आणि घोडं अडलं ते बापानं एका दुपारी कुदळ टेकवून उच्चारलेल्या एका शब्दावर. कुदळ खाली ठेवून त्यानं क्षणभर विचार केला असता तर काय बिघडलं असतं?

मुकादमानं तेवढी दया केली. बाळंत होईपर्यंत बंगल्याचे कपडे धुवायला लावलं. बंगला मालकांचा. खाली मालक आणि त्यांचं ऑफिस, वरच्या मजल्यावर त्यांच्या म्हाताऱ्या आई. त्यांना सगळे बाईसाहेब म्हणत. बाईसाहेब खाली उतरत नसत, गुडघे गेले होते. मजुरांना मागच्या नळापलीकडे पाऊल टाकायची मुभा नव्हती. वरच्या गॅलरीला बारीक जाळी होती आणि जाळीआडून आवाज तेवढा खाली यायचा.

तो आवाज ढेकळी रोज ऐकायची. बाईसाहेब कुणालातरी हाक मारायच्या. नाव असं, की म्हणताना ओठ मिटायची गरजच पडू नये, आणि शेवटचं अक्षर हवेत जरा वेळ राहावं. "उठलीस का गं राणी? दूध पिणार? रुसली बाई माझी!" असं काय काय चालायचं आणि अधेमधे ते नाव. ढेकळी कपडे आपटायची थांबायची. असं कुणी आपल्याला एकदा जरी बोलावलं असतं तर आपली मान वेगळी राहिली असती, असं तिला वाटायचं.

नात असणार, तिनं ठरवून टाकलं. धुवायला छोट्या दुलया येत, मऊ टॉवेल येत, लोकरीचे एवढे एवढे कोट येत. कोटांना बटणं पोटाखाली असायची. मोठ्या लोकांच्या लेकरांचे कपडे असेच शिवत असतील, आपल्याला काय कळतंय? तिनं ते कोट जिवापाड जपून धुतले आणि वाळताना गुपचूप आपल्या पोटावर धरून बघितले. नावाबद्दल मात्र ती कुणाजवळ चकार शब्द बोलली नाही. मजुरांच्या खोल्यांच्या लाइनीतल्या आणखी दोघी पोटुशा होत्या. एखादीनं आधी उचललं तर?

मुलगी झाली. सासूनं पोरीला मांडीवर घेऊन तिच्या तळपायाला तेल चोळत आपल्या मेलेल्या बहिणीचं नाव सुचवलं. ते नाव दुसऱ्या कुठल्याच बाईचं असू शकत नव्हतं, शेण गोळा करणाऱ्या बाईचंच असायचं. ढेकळी अंथरुणावरूनच म्हणाली, "आई, नाव मी ठरवलंय." आणि ते मोठ्यानं उच्चारलं.

सासूनं दोनदा म्हणून बघितलं. दोन्हीदा ते तिच्या दात पडलेल्या तोंडात अडकलं. "हे आपल्यात शोभायचं नाही गं."

"शोभायला लागेल."

नवरा फवारणीवाला. पाठीवर पंप बांधून दिवसभर औषध मारायचा. त्याच्या बोटांची कातडी सोलपटायची, रात्रंदिवस खोकायचा. तो दारात बसून पाय धूत होता. "ठेवू दे तिला हवं ते," तो म्हणाला. "नावाला काही जास्तीचं खायला लागत नाही."

नावानं काम केलं, हे खोटं नाही. पहिल्या लशीला ढेकळी सरकारी दवाखान्यात गेली. तिथली सिस्टर कडक म्हणून ठाऊक होती. "चल, पुढे हो. पोरगी धर नीट. नाव बोल." ढेकळीनं नाव सांगितलं. सिस्टरनं मान वर केली. पोरीकडे बघितलं, मग ढेकळीच्या पातळाकडे, मग परत पोरीकडे. "किती गोड नाव आहे. बसा ना तुम्ही, उभ्या का? हे बाळ, बघू इकडे." सुई टोचताना तिनं पोरीशी गप्पासुद्धा मारल्या, नावानं.

घरी आल्याआल्या ढेकळीनं नवऱ्याला सांगितलं, "मला ती तुम्ही म्हणाली."

"तुला?"

"मला कशाला म्हणेल? तिच्या नावाला म्हणाली."

नवरा हसला आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. पण त्या संध्याकाळी त्यानं पहिल्यांदा पोरीला नावानं हाक मारली, जरा लाजतच. पोरगी आढ्याकडे बघत होती.

हे सुख पोरगी बसायला लागेपर्यंत टिकलं. बंगल्यातली स्वयंपाकीण मावशी भांडी विसळायला मागच्या नळावर आली होती. ढेकळी कडेवर पोर घेऊन सासूचं लुगडं भिजवत होती. मावशीनं पोरीचा गालगुच्चा घेतला आणि नाव विचारलं. ढेकळीनं सांगितलं. मावशी आधी दचकली, मग तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि हसत हसत नळाच्या कट्ट्यावर बसलीच.

"काय झालं, मावशी?"

"अगं, आमच्या वरच्या कुत्रीचं नाव गं ते!"

"कुठली कुत्री?"

"बाईसाहेबांची. आंधळी झालीये, दात पडलेत, दिवसभर गादीवर पडून असते. मला तिचा भात वेगळा शिजवावा लागतो, बिनमिठाचा."

ढेकळीच्या डोळ्यांपुढे ते कोट आले, पोटाखाली बटणं असलेले. तिच्या कानशिलांतून ऊन वाफा निघाल्या. "मावशी, पाया पडते, कुणाला सांगू नका."

"मी कशाला सांगू?" मावशी म्हणाली. दिवस मावळायच्या आत सगळ्या लाइनीला कळलं होतं.

पुढचे दिवस कसे गेले ते ढेकळीलाच माहीत. पाण्याला गेली की मागून कुणीतरी 'यू यू' करायचं. पोरीसमोर एकानं बिस्किट धरलं आणि पंजा दे म्हणाला. पोरगी हसून हात पुढे करायची, तिला काय कळतंय! फवारणीवाल्याला शेडमधे विचारायचे, का रे, रात्री राखण बरी होते का? तो मूग गिळून पंप मारत राहायचा. एकदा मात्र त्यानं घरी येऊन पंपाचा पट्टा भिंतीवर आपटला.

"बदल ते नाव. आजच्या आज बदल."

"नाही बदलायची."

"लोक हसतात गं! कुत्रीचं नाव दिलंय आपण लेकीला."

"कुत्रीला दिलं म्हणून ते कुत्रीचं झालं का?" ढेकळीचा आवाज चढला. "आधी माणसाचंच असेल ना? त्यांच्याकडे इतकी चांगली नावं आहेत की कुत्र्यांनासुद्धा पुरतात. आपल्याकडे माणसांना नाहीत. मी एक घेतलं तर काय चोरी केली?"

सासूनं पोरीला उचलून बाहेर नेलं. नवऱ्यानं पट्टा उचलला, तुटलेली कडी बघितली आणि तारेनं बांधायला बसला.

ढेकळी हटली नाही आणि हळूहळू लोकांना कंटाळा आला. हसायलाही रोज नवीन काहीतरी लागतं. पोरगी रांगायला लागली, धरून उभी राहायला लागली आणि मुख्य म्हणजे आपलं नाव ओळखायला लागली. शेडच्या एका टोकाकडून ढेकळीनं हाक मारली की दुसऱ्या टोकाला सासूजवळ बसलेली पोर गर्रकन मान वळवायची. गजबजाटातून, पंपाच्या आवाजातून तिला बरोबर ऐकू जायचं. अशी वळायची, की जणू त्या नावावर तिच्याएवढा हक्क जगात कुणाचा नाही. ढेकळीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग गारा पडल्या.

दुपारीच अंधारून आलं आणि लिंबाएवढ्या गारा आल्या. शेडांच्या छताच्या चिंध्या झाल्या. तोडणीला आलेला गुलाब देठावरच ठेचला गेला. माणसं बादल्या डोक्यावर धरून पळाली. थांबलं तेव्हा वाफ्यांतून बर्फ आणि पाकळ्यांचा लगदा वाहत होता आणि मालक बुटांनिशी त्यात उभे होते. रात्रभर लाइनीत एकच विषय होता. फूल नाही म्हणजे काम नाही. काम नाही म्हणजे खोली नाही.

दोन दिवसांनी मुकादमानं सांगितलं तेही तेच. छत पुन्हा घालेपर्यंत मोजकीच घरं ठेवणार, बाकीच्यांनी आपलं बघावं. कुणाला ठेवायचं ते मालक ठरवतील. फवारणीवाला त्या रात्री जेवला नाही. त्याला बाहेर कोण घेणार होतं? कुठल्याही शेडच्या दारात उभं केलं की पहिल्यांदा त्याचा खोकला ऐकू यायचा.

त्याच गारांत वरची कुत्री गेली. पत्र्यावर गारांचा ताशा वाजायला लागला तशी घाबरून पलंगाखाली शिरली आणि तिथेच मेली. मावशीनं सांगितलं, बाईसाहेबांनी अन्न सोडलंय.

ढेकळीला आधी, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. आता ते नाव एकट्या तिच्या लेकीचं राहिलं. असा विचार केल्याचं तिला पुढे फार लागलं, पण त्या घडीला तिनं तो केला.

सासू सकाळी नातीला अंगणात खेळवत होती आणि नावानं बोलावत होती. वर काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग मावशी धावत खाली आली. "तुम्हा दोघांना वर बोलावलंय. पाय धुऊन या."

नवरा-बायको पहिल्यांदाच तो जिना चढले. त्यानं सदऱ्याच्या बाह्या खाली ओढून सोललेले हात झाकले. वरच्या खोलीत खिडकीशी एक छोटी गादी होती, तिच्यावर खोलगट खड्डा तसाच. भिंतीवर फोटो होते. माणसांचे कमी, कुत्रीचे जास्त. बाईसाहेब खुर्चीत होत्या. डोळे सुजलेले, हातात रुमाल. ढेकळी ओरडा खायच्या तयारीनं आली होती. बाईसाहेब ओरडल्या नाहीत.

"बसा," त्या म्हणाल्या. बसायला काही नव्हतं म्हणून दोघं फरशीवर बसली. "मुलगी कशी आहे?"

"चांगली आहे, बाईसाहेब."

"तिला हाक मारलेली वर ऐकू येते. सकाळी मी उठलेच. वाटलं, आली. पडता पडता वाचले." त्यांनी रिकाम्या गादीकडे बघितलं. "मला मूल एकच. तेही आपल्या कामात. ही माझी लेकच होती गं. चौदा वर्षं रात्री माझ्या कुशीत झोपली. तुम्ही कुठल्या भावनेनं ठेवलंत नाव, मला ठाऊक आहे. मी रागावले नाही. पण आता ऐकवत नाही. काळीज चिरतं."

खोटं बोलत असत्या, उर्मट बोलत असत्या तर उत्तर देता आलं असतं. या बाईचं दुःख खरं होतं. खऱ्या दुःखाशी कसं भांडायचं ते ढेकळीला येत नव्हतं.

"मी जबरदस्ती करत नाही," बाईसाहेब म्हणाल्या. "तुमची मुलगी, तुमची मर्जी. तिला काय, काहीही हाक मारलीत तरी चालेल. लहान आहे, विसरेल. मला या वयात विसरता येत नाही."

"नाही मारणार, बाईसाहेब," फवारणीवाला हात जोडून म्हणाला. ढेकळीकडे त्यानं बघितलंही नाही. "तुमच्या कानावर पुन्हा पडणार नाही."

"देव भलं करो तुमचं." बाईसाहेबांनी डोळे पुसले. जिन्यापर्यंत आल्यावर त्यांनी मागून विचारलं, "तुम्ही राहताय ना इथेच? मी मालकांशी बोलते."

संध्याकाळी मुकादम येऊन सांगून गेला, तुमची खोली राहिली. शेजारच्या खोल्यांतून भांडी बांधल्याचे आवाज येत होते. ढेकळीनं चूल पेटवली. नवऱ्याला तिला काहीतरी सांगायचं होतं, पण तो खोकतच राहिला.

"खोलीच्या आत म्हणत जाऊ," शेवटी तो म्हणाला. "हळू. आत कोण ऐकतंय?"

पण तसं होत नाही. आत एक नि बाहेर एक, हे एवढ्याशा पोराला कसं समजवायचं? आत नावानं हाक मारली की पोरगी खिदळत बाहेर पळायची आणि बाहेर गेली की सगळ्यांचे गळे बंद. सासू 'ए बये' म्हणायची, नवरा 'ए' म्हणायचा, ढेकळी 'ए पोरी' म्हणायची. पोर वळत नसे. 'ए' काय, लाइनीत दिवसभर चालतच असतं. मग आतलीही हाक कमी कमी झाली. भिंती पातळ होत्या आणि बाईसाहेब रात्रीच्या जाग्या असायच्या. ढेकळीच्या जिभेवर नाव यायचं आणि ती ते थुंकीसारखं गिळायची. पोरगी कधीकधी उगीच मान वर करून आईच्या तोंडाकडे बघत राहायची.

बाईसाहेब आता सकाळी गॅलरीत येऊन बसायला लागल्या होत्या. जाळी गारांनी फाटली म्हणून काढून टाकली होती. मोकळ्या हवेनं त्यांना जरा बरं वाटत होतं, दोन घास खात होत्या.

उरलेल्या घरांतली सगळी माणसं फाटलं प्लॅस्टिक ओढून काढायच्या कामाला लागली होती. ढेकळी शेडच्या कडेला गुंडाळी करत होती. हात चिखलानं भरलेले, पाठ मोडून आलेली. सासू पोरीला बांधावर घेऊन बसली होती आणि उन्हानं तिचा डोळा लागला. ढेकळीनं सहज मान वर केली. पोरगी चालत होती. नुकतेच पाय फुटलेली, दोन्ही हात वर धरून, झुलत झुलत, शेड आणि बंगल्याच्या मधल्या, खताचं पाणी साठवायच्या हौदाकडे. हौद जमिनीबरोबर होता. त्याचं झाकण गारांनी फुटलं होतं आणि अजून कुणी बसवलं नव्हतं.

धावून पोचण्यासारखं अंतर नव्हतं. पण हाक पोचण्यासारखं होतं. ढेकळीनं छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, नाव ओठांवर आलं. आणि तिची नजर गॅलरीकडे गेली.

बाईसाहेब खुर्चीत बसल्या होत्या. डोळे मिटून, मान मागे टाकून, ऊन खात.

"ए!" ढेकळी ओरडली. "ए पोरी! ए!"

शेडमधल्या सगळ्या बायकांनी वळून बघितलं. पोरगी चालत राहिली. ढेकळी पळत सुटली, प्लॅस्टिकमधे पाय अडकून पडली, उठली, पुन्हा "ए, ए" करत पळाली. पोरीनं हौदाच्या काठावर वाकून पाण्यात बघितलं आणि अलगद आत गेली. आवाजसुद्धा झाला नाही.

ढेकळीनं उडी टाकली. पाणी छातीपर्यंत आणि गढूळ. दोन्ही हातांनी चाचपडताना आधी सिमेंट लागलं, मग पाइप लागला, मग केस लागले. फवारणीवाला कुठूनसा आला होता. त्यानं पोर वर ओढून घेतली, पालथी केली आणि पाठीवर थापट्या मारल्या. एक नाही, दोन नाही. मग तिच्या नाकातोंडातून हिरवं पाणी आलं, ती ओकली आणि तिनं टाहो फोडला. बायकांच्या जिवात जीव आला. सासू जमिनीवर बसून कपाळ बडवून घेत होती.

"अगं, नावानं का नाही हाक मारलीस?" शेजारीण ढेकळीला वर ओढता ओढता म्हणाली. "नावाला थांबते ना ती! जागच्या जागी थांबली असती."

ढेकळीचे दात वाजत होते. तिला पळताना सगळ्यांनी बघितलं होतं. त्याआधी तिनं गॅलरीकडे बघितलेलं कुणालाच दिसलं नव्हतं. तिनं नवऱ्याच्या हातातून पोर घेतली. पोर ओली, थंडगार, डोळे लाल, आईच्या मानेत तोंड खुपसून हुंदके देणारी. हिला आता जवळ घेऊन काहीतरी म्हणायला हवं होतं. ढेकळीनं तिच्या कानाशी तोंड नेलं. तो एक शब्द सोडून पोरीला म्हणण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं.

गोंधळानं बाईसाहेबांना जाग आली होती. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, कपाळावर हात धरून खाली बघायला लागल्या. नजर अधू झाली होती, त्यांना नुसती गर्दी दिसत असावी.

"काय झालं गं?" त्यांनी वरून विचारलं. "कोण पडलं?"

सगळे ढेकळीकडे बघायला लागले. पोरगी खोकली.

"कोणी नाही, बाईसाहेब," ढेकळी म्हणाली.

नवऱ्यानं आपला सदरा काढून पोरीभोवती गुंडाळला. बाईसाहेब परत खुर्चीत बसल्या.